डेडस्टॉकमधला सूक्ष्मदर्शक
लेखमाला : खेड्यातल्या शाळेतले विज्ञान – लेखांक ६

सातवीच्या सामान्य विज्ञानात पेशीरचना आणि सूक्ष्मजीवांवर एक पाठ आहे. आठवीचे पुस्तक तर सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणानेच सुरू होते. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून, आयोडीनचा थेंब टाकून मुलाने एकदा तरी पाहिला असेल, हे या पाठांत धरून चाललेले असते. प्रत्यक्षात बहुतेक मुले फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घेतात. विटांसारखे चौकोन, प्रत्येकात एक ठिपका, बाजूला नावे, आणि परीक्षेत पूर्ण गुण. यावर शाळेत सूक्ष्मदर्शक नाही, हे उत्तर ठरलेले असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवरच्या आणि बंजारा तांड्यांवरच्या प्राथमिक शाळांपुरते ते बहुतांशी पटण्यासारखे आहे. पण माध्यमिक शाळांत आणि आश्रमशाळांत सूक्ष्मदर्शक बरेचदा असतो. तो कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. म्हणून स्वस्त सूक्ष्मदर्शकाचा विचार करताना आपण किमतीपेक्षा कपाटाकडे आधी पाहिले पाहिजे.

शाळेत आलेली टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. त्यात वस्तूचे नाव, नग, किंमत, खरेदीची तारीख, सगळे येते. मुख्याध्यापक बदलले की जुन्यांनी नव्यांना एकेक नग मोजून द्यायचा असतो आणि लेखापरीक्षणात एखादा कमी भरला तर खुलासा लिहायचा असतो. काही हजारांच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग काचपट्टीवर आपटून तडकले, तर दुरुस्ती कोण करणार? हे उपकरण बहुधा अंबाल्याहून आलेले असते आणि तालुक्याच्या गावी त्याचा कारागीर मिळत नाही. अशा वेळी ते कुलुपात ठेवणे हा शिक्षकांचा आळस नसतो, व्यवस्थेने त्यांना शिकवलेला शहाणपणा असतो. मुलांनी हाताळले आणि मोडले तर जबाबदारी अंगावर येते, कोणीच हाताळले नाही तर कोणी काही विचारत नाही. वस्तू महाग तर कुलूप पक्के, आणि कुलूप पक्के तर शिकणे शून्य, असा हा हिशेब आहे. सूक्ष्मदर्शक स्वस्त झाल्याचा खरा फायदा म्हणूनच खरेदीत पैसे वाचण्यापुरता नाही. खडू-डस्टरसारखी उपभोग्य वस्तू म्हणून तो नोंदवता येतो, मुलांच्या हाती देता येतो, घरी नेऊ देता येतो, आणि मोडला तर मोडू देता येतो.

असा सूक्ष्मदर्शक गेली दहा-बारा वर्षे उपलब्ध आहे. आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत गेलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात कागदाच्या घड्यांचा फोल्डस्कोप तयार केला. त्यावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला आणि सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसतो, असे त्यात दाखवले होते. (बाजारात तयार संच घेताना अर्थातच यापेक्षा बरेच जास्त पडतात.) भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१५ मध्ये प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी करार केला आणि पुढे शिक्षणसंस्थांना फोल्डस्कोपवरच्या प्रकल्पांसाठी अनुदाने दिली. जगभर असे दहा लाखांहून अधिक सूक्ष्मदर्शक वाटले गेले आहेत. रचना अगदी साधी आहे. सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाची काचेची एक गोळी हेच भिंग. गोळी जितकी लहान तितके तिचे नाभीय अंतर कमी आणि विशालन जास्त. या गोळीचे नाभीय अंतर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास येते. स्पष्ट दृष्टीचे अंतर २५० मिलिमीटर, त्याला या आकड्याने भागले की सुमारे १४० पट हे उत्तर मिळते. नववी-दहावीच्या मुलांना हा भागाकार कागदावर करता येतो आणि लगेच डोळ्याने पडताळता येतो. इतक्या सरळपणे उलगडून दाखवता येणारी उपकरणे शाळेत फारशी नसतात.

हे खेळणे आहे, खऱ्या सूक्ष्मदर्शकाची सर त्याला नाही, हा आक्षेप पहिल्यांदा येतो. दोनशे ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वैज्ञानिकांना तो विचित्र वाटला असता. डेल्फ्टचा कापडव्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७० च्या दशकात पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले ते एकाच भिंगातून. दोन-तीन भिंगांचे संयुक्त सूक्ष्मदर्शक तेव्हाही होते, पण त्यांत कडांना रंग फुटत आणि प्रतिमा पुसट होई. हा दोष आटोक्यात यायला १८३० चे दशक उजाडले. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाण्यातल्या कणांची अखंड चुळबूळ पाहिली आणि नंतर पेशीकेंद्रकाला नाव दिले, तेही एकभिंगी उपकरणाच्या जोरावर. तरीही आक्षेपात तथ्य आहे. फोल्डस्कोपमध्ये कडेची प्रतिमा अंधुक होते, डोळा अगदी चिकटवावा लागतो, आणि मूल नेमके काय पाहते आहे ते शिक्षकाला शेजारून कळत नाही. कुणी हवेचा बुडबुडा पाहून पेशी सापडल्याचे सांगेल. जीवाणू त्यातून नीट दिसत नाहीत, म्हणून आठवीच्या त्या पहिल्या पाठाची गरज तो पुरती भागवत नाही. शिवाय तो उजेडाकडे धरून पाहायचा असतो आणि उत्साहाच्या भरात मूल थेट सूर्याकडे धरू शकते. त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, तेव्हा ही ताकीद पहिल्याच तासाला द्यायला हवी. चांगला संयुक्त सूक्ष्मदर्शक माध्यमिक शाळेत हवाच. पण पन्नास मुले रांगेने एकाच नेत्रिकेत दहा-दहा सेकंद डोकावतात तेव्हा त्यांनी पाहिले असे फारतर हजेरीपुरते म्हणता येते. स्वतःच्या अंगठ्याने सरकवून, प्रतिमा हरवून, पुन्हा शोधून काढायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मुलाला स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाबरोबरच मिळतो.

मग पाहायचे काय? कांदा आहेच, पण यवतमाळच्या मुलाला कांद्यापाशी थांबवणे म्हणजे करंटेपणा. या जिल्ह्यात घरोघरी कापूस असतो, आणि कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची पेशी फूल उमलते त्या सुमारास लांब होऊ लागते आणि तीनेक आठवडे वाढत राहते. त्यानंतर तिच्या आत सेल्युलोजचे थर चढतात. लांबी अठ्ठावीस-तीस मिलिमीटर, रुंदी पंधरा-वीस मायक्रॉन. पेशी डोळ्यांना दिसत नाही, असे वाचलेल्या मुलाने बोटांत धरलेला तंतू उजेडात पाहावा आणि ही एक पेशी आहे हे समजून घ्यावे. मग तोच तंतू काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून १४० पटींनी पाहावा. नळीसारखी गोल पेशी बोंड फुटल्यावर वाळते, चपटी होते आणि फितीसारखी पिळवटते. हे पीळ भिंगातून स्पष्ट दिसतात. सूतकताईत एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो त्यात या पिळांचा मोठा वाटा असतो. शेजारी गणवेशाच्या टेरिकॉटचा एक धागा उसवून ठेवला, की त्याच धाग्यात दोन जाती वेगळ्या दिसतात. एक पिळाची फीत, दुसरी काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत. ती दुसरी म्हणजे पॉलिएस्टर. पुढे पहिल्या वेचणीचा कापूस आणि कवडी, म्हणजे नीट न फुटलेल्या बोंडांतला कापूस शेजारी शेजारी पाहावा. अपक्व तंतूची भिंत पातळ असते, तो जास्त चपटा दिसतो आणि पीळ कमी असतात. खरेदी केंद्रावर ज्या मायक्रोनेअरवरून भाव खाली-वर होतो, त्यामागे तंतूची हीच बारीकी आणि पक्वता असते. आईबापांचा वर्षाचा हिशेब ज्या गोष्टीवर ठरतो ती मुलाला सातवीतच पाहता येते. पाठ्यपुस्तकात ती कुठे येत नाही, हा भाग वेगळा.

किडींच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक कास्तकार-शेतमजूर दगावले आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली. मुलांच्या हाती सूक्ष्मदर्शक असता तर हे टळले असते, असे म्हणणे भोंदूपणाचे ठरेल. त्या संकटात औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, कृषी केंद्रांचे सल्ले, बीटी वाणाला दाद न देण्याची अळीला लागलेली सवय, असे बरेच काही गुंतलेले होते. फवारायचे की नाही हे आधी नीट पाहून ठरवायचे असते, एवढे मात्र त्यातून शिकता येते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करा, हा कृषी खात्याचा सल्ला मोजण्यावरच उभा आहे. गुलाबी अळीचे अंडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे असते, आणि अळी बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजते. डोमकळी, म्हणजे अळी लागल्याने नीट न उमललेले फूल, ओळखायला डोळे पुरतात, अंडी आणि तुडतुड्यांची पिल्ले पाहायला दहा पटींचे साधे भिंग पुरते. इथे १४० पट उलट अडचणीचे, कारण एवढ्या छोट्या वर्तुळात अख्खी कीड मावतच नाही. फुलकिड्याच्या पंखाची केसाळ झालर पाहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून मुलाला फोल्डस्कोपबरोबर एक साधे भिंगही द्यावे.

पैशाचा आणि शिक्षकांचा आक्षेप यापेक्षा जड आहे. आधी वर्गखोल्या गळायच्या थांबवा, शौचालयाला पाणी द्या, रिक्त पदे भरा, मग सूक्ष्मदर्शक, असे म्हणणाऱ्यांचे काही चुकत नाही. समग्र शिक्षा अभियानात तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांचे संयुक्त अनुदान ठरले आहे. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर आणि उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. दुसऱ्या टोकाला अटल टिंकरिंग लॅबसाठी एका शाळेला २० लाखांपर्यंत देण्याची योजना आहे आणि त्यासाठी प्रशस्त स्वतंत्र खोली लागते. पोडावरची दोनशिक्षकी शाळा त्या रांगेत कधी उभीच राहत नाही. या दोन टोकांमध्ये शेकड्यांत मोजायची एखादी वस्तू दिल्याने गळक्या छताची दुरुस्ती थांबून राहत नाही. शिक्षकांचे मात्र खरे आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा शिक्षक सांगितला आहे. तो नसेल तिथे खोकी आली तरी ती तशीच पडून राहतील. यासाठी निराळा प्रशिक्षणवर्ग काढायची गरज नाही, केंद्राच्या शिक्षण परिषदेतला एक पूर्ण दिवस पुरेल. मात्र त्या दिवशी भाषण नको. प्रत्येक शिक्षकाने स्वतः घड्या घालून स्वतः कापूस पाहावा. मोबाइलवर सगळे दिसत असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. चित्रफितीत दुसऱ्याने काय पाहावे ते आधीच निवडलेले असते. मोबाइलचा कॅमेरा या भिंगावर टेकवला तर मात्र शिक्षकाची मघाची अडचण सुटते. मुलाने जे पाहिले ते साऱ्या वर्गाला दिसते, आणि बुडबुडा असेल तर तो बुडबुडा आहे हे तिथेच ठरते.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. विदर्भात सिकलसेल आहे, यवतमाळातही आहे, तेव्हा शाळेतच रक्ताचा थेंब पाहू, अशी सूचना कोणीतरी उत्साहाने करते. ती करू नये. रक्त काढणे हे शाळेचे काम नाही. साध्या थेंबात वाहक मुलाच्या पेशी नेहमीसारख्या गोलच दिसू शकतात, आणि अर्धवट माहितीने वर्गात एखाद्या मुलीवर शिक्का बसला तर तो तिच्या लग्नापर्यंत पुसला जात नाही. तपासणी आरोग्य केंद्रातच व्हावी. शाळेत पाण्याच्या टाक्यातले शेवाळ पाहावे, परागकण पाहावेत, मिठाचे आणि साखरेचे स्फटिक पाहावेत. पण पाण्याबाबत एक धोका राहतोच. हातपंपाचे पाणी भिंगाखाली नितळ दिसले की मूल ते चांगले ठरवून मोकळे होते. या जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. ते पाण्यात विरघळलेले असते, त्यामुळे कितीही पटींनी पाहिले तरी दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि असे पाणी वर्षानुवर्षे पोटात जात राहिले की आधी दातांवर आणि पुढे हाडांवर परिणाम होतो. ते ओळखण्यासाठी रंग बदलणारी रासायनिक चाचणी लागते. ती शाळेत कशी करायची आणि तिच्या निकालावर कितपत विसंबायचे, ते पुढच्या लेखांकात.