व्यावसायिक क्रीडांगणे आणि सार्वजनिक तिजोरी : काही गैरसमज

बोरिवली किंवा मुलुंड येथील एखाद्या सोसायटीच्या कचेरीत महापालिकेचे मालमत्ता कराचे देयक येते, तेव्हा त्यात सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर आणि पथकर अशी कलमे एकाखाली एक छापलेली असतात. आणि भरणाऱ्याला निदान एवढे तरी समाधान असते, की आपला पैसा कोणत्या नावाखाली गेला हे कागदावर नमूद आहे. क्रीडांगणाच्या नावाचा उपकर या यादीत नाही. म्हणूनच, नफ्यासाठी चालणाऱ्या व्यावसायिक खेळांच्या स्टेडियमांना करदात्याचा पैसा देऊ नये, असे कोणी म्हटले की ऐकणारे आश्चर्याने विचारतात, 'देतो कोण? तसले प्रकार अमेरिकेत!' या विषयातील सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हाच होय, आणि बाकीचे बहुतेक त्याच्याच आधाराने उभे असल्यामुळे येथे थोडे अधिक थांबणे अवश्य आहे.

अमेरिकेतील एखादे शहर स्टेडियमसाठी कर्जरोखे काढते, त्यावर पुष्कळदा मतदान घेते, आणि वाद उघड्यावर होतो. आपल्याकडे पैसा तिजोरीतून बाहेर जाताना दिसत नाही, कारण तो आत येण्यापूर्वीच सोडून दिलेला असतो. नाममात्र भाडे, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, करमाफी, शुल्कात सवलत ही त्याची रूपे आहेत. पूर्वीच्या राज्यकारभारात इनाम दिलेल्या गावाचा वसूल सरकारजमा होत नसे. परंतु तो कोणास व कशासाठी दिला, याची नोंद दप्तरात तरी असे. आजच्या सवलतींचे एकत्र दप्तर सामान्य नागरिकाच्या दृष्टीस कधी पडत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पोलीस बंदोबस्ताचे. वानखेडेवर सामना असतो त्या सायंकाळी शेकडो पोलीस चर्चगेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत उभे असतात, आणि त्याबद्दल आयोजकांनी शुल्क भरावे असा नियम आहे. वर्षानुवर्षे हे शुल्क थकले. शेवटी २६ जून २०२३ रोजी शासन निर्णय निघाला, आणि टी-२० सामन्याचे जे शुल्क सत्तर लाखांच्या घरात होते ते दहा लाखांवर आणले गेले. एवढेच असते तर त्याला धोरण म्हणता आले असते; पण ही कपात २०११ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली गेली आणि सुमारे १४ कोटी ८२ लाखांच्या थकबाकीवर पाणी सोडले गेले. एका माहिती अधिकार कार्यकर्त्याने याविरुद्ध जनहित याचिका केली, तेव्हा उच्च न्यायालयाने झोपडपट्टीतील रहिवाशांच्या वाढत्या पाणीपट्टीची आठवण देऊन, जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट संघटनेला ही सूट कशासाठी, असा परखड प्रश्न सरकारला विचारला. ज्या आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, तिच्या बंदोबस्ताचा भार ही माफी तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसावर टाकते. घाटकोपरहून सकाळची गाडी पकडणारा कारकून त्या रात्री घरी बसून सामना पाहतो किंवा पाहतही नाही. पोलिसाचा पगार मात्र तो देतो.

उपनगरांना या प्रकाराचा अनुभव नवा नाही. अंधेरी पश्चिमेस वीरा देसाई मार्गावर महापालिकेचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल आहे. त्याच्या मैदानावर १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, आणि तत्कालीन युती सरकारने त्याला करमणूक करातून सूट दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने आव्हान दिले. २०११ साली उच्च न्यायालयाने सरकारने योग्य विचार न करताच सूट दिल्याचे सांगून तो आदेश रद्द केला. आणि जानेवारी २०२१ मध्ये, वेगळ्या आघाडीच्या सरकारने, ३ कोटी ३४ लाखांची तीच सूट आयोजक कंपनीस पुन्हा मंजूर केली. तो गाण्याचा कार्यक्रम होता, खेळाचा नव्हे, हे खरे. पण मैदान सार्वजनिक, उत्पन्न खाजगी आणि कर माफ, ही पद्धत तीच आहे. सरकारे बदलली तरी माफी बदलली नाही, यावरून हा एखाद्या पक्षाचा दोष नसून कारभाराची जडलेली सवय आहे, हेही दिसून येते.

याच पहिल्या गैरसमजाची एक लहान शाखा अशी, की '५०० चौरस फुटांच्या आतील घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेव्हा आमचा पैसा यात कुठला?' पण मालमत्ता कर हा काही एकच कर नव्हे. जकात २०१७ साली गेली आणि तिच्या जागी वस्तू व सेवा कराच्या भरपाईतून महापालिकेकडे पैसा येऊ लागला. साबणाची वडी विकत घेणारा प्रत्येक जण करदाता आहे.

दुसरा गैरसमज अर्थशास्त्राचा वेश घेऊन येतो : स्टेडियम आले की रोजगार वाढतो, उपाहारगृहे भरतात, रिक्षावाल्याला भाडे मिळते, आणि सरकारचा पैसा दामदुपटीने परत येतो. रिक्षावाल्याला भाडे मिळते हे मी नाकारीत नाही. परंतु आयपीएलच्या संघाला साखळीत घरच्या मैदानावर सात सामने मिळतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या प्रचंड वास्तूभोवती कोणता व्यापार चालतो? शिवाय अंधेरीचे कुटुंब तिकिटावर जो पैसा खर्च करते, तो आकाशातून पडलेला नसतो. सामना नसता तर तो दीनानाथ नाट्यगृहात, पुस्तकांवर किंवा पार्ल्याच्या एखाद्या उपाहारगृहात याच शहरात खर्च झाला असता. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात तेथील अनेक स्टेडियमांचे हिशेब तपासले गेले, आणि त्यांच्यावरील सार्वजनिक खर्च भरून निघावा इतका लाभ त्यांना कोठे आढळला नाही. मॉन्ट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे कर्ज २००६ साली फिटले. तीस वर्षे तेथील लोक, मुख्यतः तंबाखूवरील कराच्या रूपाने, ते फेडीत होते.

'पण करदात्याने हात दिला नाही तर मोठी मैदाने उभी राहणारच नाहीत,' असे पुढे म्हटले जाते. मुंबईचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. डिसेंबर १९३७ मध्ये उघडलेले ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने उभे केले. त्या क्लबशी तिकिटांच्या वाटपावरून बिनसले तेव्हा बॉम्बे क्रिकेट असोसिएशनने, शेषराव वानखेडे यांच्या धडाडीने, सुमारे वर्षभरात स्वतःचे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली खाजगी संस्थेने उघडले. परदेशात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मतदारांनी बेसबॉलच्या मैदानासाठी सार्वजनिक पैसा देणे वारंवार नाकारले, तेव्हा तेथील संघानेच प्रामुख्याने खाजगी भांडवलातून नवे मैदान बांधले आणि २००० साली तेथे खेळ सुरू केला. सिएटलच्या मतदारांनीही २००६ साली, गुंतवणुकीवर रास्त परतावा मिळणार नसेल तर व्यावसायिक संघांना सार्वजनिक मदत नाही, असा कौल मोठ्या बहुमताने दिला. त्यांचा बास्केटबॉल संघ २००८ मध्ये शहर सोडून गेला हे लपविण्याचे कारण नाही. तेवढी किंमत मोजण्याची तयारी हवी.

कारण संघ करदात्याच्या पैशाने बांधून ठेवता येत नाही, हेच खरे. पुण्याजवळच्या बालेवाडीचे क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभे राहिले. तेथे २०१४ पासून एफसी पुणे सिटी हा आयएसएल या फुटबॉल स्पर्धेतील संघ खेळू लागला. तरुण चाहते शहराच्या नावाने घोषणा देऊ लागले. आणि २०१९ मध्ये तो संघ मोडीत निघून त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. गहुंज्याला खेळणारा पुणे वॉरियर्स संघ त्याआधीच, २०१३ मध्ये, आयपीएलमधून बाहेर पडला होता. मालकाचे भांडवल एका पत्रानिशी निघून जाते. काँक्रीट, डागडुजी आणि विजेचे देयक गावात राहते. जुलै २०२५ मध्ये तर आयएसएलचा संपूर्ण हंगामच हक्कांच्या करारावरून स्थगित झाला. ज्या स्पर्धेचे पुढचे वर्ष निश्चित नाही, तिच्यासाठी महापालिकेने पन्नास वर्षांची वास्तू बांधावी काय?

अंधेरीच्या बाबतीत मात्र न्यायाने बोलले पाहिजे. आयएसएलचाच मुंबई सिटी एफसी हा क्लब २०१६ पासून तेथील महापालिकेच्या संकुलात खेळतो. आठ हजारांच्या आतील आसनांचे, आधीपासून असलेले मैदान महापालिकेने भाड्याने द्यावे, भाड्यातून देखभाल सुटावी आणि रहिवाशांचा वापर अबाधित राहावा, इतपत असेल तर त्यास माझा विरोध नाही. विरोध पुढच्या पायरीला आहे. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या निकषांत हे मैदान बसत नव्हते, म्हणून २०२३ साली क्लबने आपले घरचे सामने बालेवाडीला आणि अल-हिलाल संघाविरुद्धचा सामना ६ नोव्हेंबर रोजी नेरुळला खेळला. मैदान त्या निकषांना पुरे पडावे एवढ्यासाठी महापालिकेने खर्च करावा अशी मागणी उद्या आली, तर त्या वेळी शहरातील रुग्णालयांचा विचार आधी झाला पाहिजे. बोरिवलीचे भगवती रुग्णालय आणि मुलुंडचे अगरवाल रुग्णालय यांची पुनर्बांधणी किती वर्षे रेंगाळली, हे त्या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे.

राहिला शेवटचा आक्षेप, की असा विरोध करणारे खेळाचेच शत्रू आहेत. या शहरात दरडोई मोकळी जागा दोन चौरस मीटरदेखील नाही. ज्या मुलाला संध्याकाळी चेंडू टाकायला बावीस यार्ड मिळत नाहीत, त्याच्या हिताची भाषा बोलून लाखभर लोकांना बसून पाहण्याची सोय करणे, याला खेळाचे प्रेम म्हणणे मला जड जाते. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेचे मोकळ्या जागा खाजगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण नागरिकांच्या विरोधामुळे स्थगित करावे लागले, तेव्हा विरोध करणारे लोक मैदाने मागत होते, आणि खेळाची त्यांच्याइतकी सेवा त्या वर्षी फारच थोड्यांनी केली असेल.

हा प्रश्न आता पुन्हा दाराशी आला आहे. मे २०२५ मध्ये वानखेडेवरील नव्या स्टँडांच्या उद्घाटनप्रसंगी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमसाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनला जमीन देण्याची तयारी जाहीर केली. स्टेडियम अवश्य व्हावे. पण जमिनीचे भाडे बाजारभावाने ठरावे, बंदोबस्ताचे शुल्क सामन्यापूर्वी जमा व्हावे, प्रत्येक सवलतीची रक्कम करारनाम्यात आकड्याने लिहावी आणि तो करारनामा सहीपूर्वी विधिमंडळापुढे यावा. या अटी जमिनीचा आदेश निघण्याआधीच घालता येतात. नंतर काय होते, ते वानखेडेने दाखविले आहे : तेथील जमिनीचा पन्नास वर्षांचा भाडेपट्टा २०१८ मध्ये संपला, आणि पुढच्या वर्षी जिल्हाधिकाऱ्यांना सुमारे १२० कोटींच्या थकबाकीसाठी नोटीस बजावावी लागली.