वर्षातून तेरा दिवाळ्या

उद्या हे समुद्रावरून येणार, म्हणून आज रात्रीच दही फडक्यात बांधून टांगायचं. पहिल्या दिवशी श्रीखंड-पुरी, दुसऱ्या दिवशी तळलेली सुरमई, तिसऱ्या दिवशी मुलांच्या निमित्तानं बटाटेवडे. "तिथे बिचाऱ्यांना कुठलं घरचं मिळतं!" असं म्हणत आणखी एक पुरी ताटात सरकवायची. ज्यांचे यजमान मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कामाला आहेत, त्या मैत्रिणींना हे सारं ओळखीचं वाटेल.

पण जरा हिशोब करा. १४ दिवस समुद्रावर आणि १४ दिवस घरी अशी पाळी असेल, तर वर्षातून १३ वेळा ते घरी येतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात वर्षातून १३ दिवाळ्या होतात!

आणि तिथे ते उपाशी असतात, हाही आपला गैरसमजच. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या या क्षेत्रात १९७४ साली तेल सापडलं आणि १९७६ पासून ते काढलं जाऊ लागलं. तिथलं काम रात्रंदिवस चालतं, बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. साहजिकच मेसही रात्रंदिवस चालते. न्याहारी, दोन जेवणं, शिवाय रात्रपाळीवाल्यांसाठी मध्यरात्रीचं जेवण. दमून आलेला माणूस, पैसे द्यायचे नाहीत, समोर गोड पदार्थ मांडलेला. हात आखडता घेईल कोण?

यात धोका कसला, असं तुम्ही म्हणाल. धोका असा, की वैद्यकीय तपासणीत तंदुरुस्त ठरल्याशिवाय समुद्रावर जाता येत नाही. रक्तदाब किंवा साखर हाताबाहेर गेली, तर नोकरीवरच गदा यायची. म्हणून काही पुरुष छातीत दुखलं तरी "पित्त असेल" म्हणून गप्प बसतात. तिथे प्राथमिक उपचार मिळतात, पण मोठं इस्पितळ हेलिकॉप्टरच्या अंतरावर, आणि पावसाळी वादळात हेलिकॉप्टरही अडकतं. तेव्हा त्यांना निक्षून सांगा : छातीत दुखलं, दम लागला, दरदरून घाम आला, तर त्याच क्षणी तिथल्या डॉक्टरांना सांगायचं. घरी येईपर्यंत थांबायचं नाही.

आता आपल्याला काय करता येईल ते पाहू.

निघण्यापूर्वी चार गोष्टी ठरवून घ्या. मेसमध्ये आधी अर्धं ताट भाजी, कोशिंबीर, फळं यांनी भरायचं, मग डाळ किंवा मासे, भात-पोळी शेवटी. रात्रपाळी असेल तर पोटभर जेवण कामावर जाण्यापूर्वी, मध्यरात्री हलकंच. चहाचंही बघा. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातूनच गेली! उन्हात काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचं.

व्यायामासाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं हवीत, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. व्यायामाची खोली असेल तर उत्तमच. नसेल तर खोलीतल्या खोलीत सूर्यनमस्कार आणि बैठका काढता येतात.

बॅगेत चकल्या-लाडवांचा डबा भरण्याऐवजी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, जवसाची चटणी द्या. नेण्याची परवानगी आहे का, ते मात्र आधी विचारून घ्या. हेलिकॉप्टरमध्ये वजनाचंही बंधन असतं.

ते घरी आले की श्रीखंड जरूर करा, पण एकच दिवस आणि एकच वाटी. बाकीचे दिवस भाकरी, पालेभाजी, उसळ, माशाचं कालवण. खरं सांगायचं तर मेसच्या जेवणानंतर त्यांना आठवण येते ती आपल्या साध्या वरणभाताचीच! संध्याकाळी दोघांनी मिळून फिरायला जा. आणि महिन्यातून एकदा त्यांची कंबर मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या, आत असावी.

आणि हो, ते नसतात तेव्हा तुम्ही काय खाता? "एकटीसाठी काय करायचं" म्हणून सकाळची पोळी चहात बुडवून रात्र काढायची, आणि ते आले की त्यांच्याबरोबर श्रीखंड-पुरी! असं १४ दिवस हाल आणि १४ दिवस चंगळ तुमच्याही अंगाला मानवणार नाही. ते समुद्रावर असोत की घरी, कुकर तेवढाच लावा, कोशिंबीर तशीच करा आणि ताट वाढून घेऊन निवांत जेवा. ते परत येतील तेव्हा घरात वेगळं पथ्य सुरू करावंच लागणार नाही.