पुतण्यास दत्तक घेतांना

एकत्र कुटुंबांत निपुत्रिक भावास पुतण्या दत्तक द्यावयाचें बहुधा आजोबा ठरवितात, आणि मुलाच्या आईस तें मागाहून स्वयंपाकघरांत कळतें. ही रीत आम्हांस कधींच रुचली नाहीं. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यासही ती मान्य नाहीं. आईबाप हयात व शुद्धीवर असतां आजोबांस नातू देण्याचा अधिकारच नाहीं. बाप देणार असेल तर आईची संमति हवी. घेणाऱ्या पतीसही सामान्यतः पत्नीच्या संमतीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं. एकदां झालेलें वैध दत्तविधान पुढें मोडतां येत नाहीं, तेव्हां त्या माउलीस आधींच विचारलेलें बरें.

घेणाऱ्यास पुत्र, पौत्र वा प्रपौत्र नसावा. मूल अविवाहित व १५ वर्षांच्या आंतील असावें. रूढि निराळी असल्यास गोष्ट वेगळी. आपल्या मुंबईकडे तर लेंकुरवाळे गृहस्थही दत्तक गेलेले आहेत! दत्तहोम न केला तरी चालतें, मूल प्रत्यक्ष दिलें-घेतलें गेलें पाहिजे. मुलगीही दत्तक घेतां येते. घरांत स्वतःची मुलगी वा पुत्राची मुलगी नसली, आणि घेणाऱ्या पित्याचें वय तिच्याहून निदान २१ वर्षांनीं अधिक असलें, म्हणजे झालें.