१२,४०५ चे १२,२०२ कसे होतात?

संगणकाला ‘ए’ हे अक्षर ठाऊकच नसतं. त्याच्याजवळ असतात नुसते आकडे. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं, हे माणसांनी ठरवलेलं. आणि ते एकदाच ठरलं नाही. १९६३ साली अमेरिकेत आस्की हा तक्ता आला, त्यात ‘ए’ म्हणजे ६५. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्या एब्सिडिक या तक्त्यात ‘ए’ म्हणजे १९३. बँकांचे, विमा कंपन्यांचे कितीतरी हिशेब याच घराण्याच्या मेनफ्रेमवर कोबॉल या भाषेत लिहिले गेले आणि आजही तिथे चालतात. ती फाइल बाहेरच्या संगणकाला द्यायची, तर अक्षरागणिक आकडा बदलावा लागतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून रोमन अक्षरांचा गोंधळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातली अडचण सांगायला नको.

एब्सिडिकचा तक्ता मला अजूनही थक्क करतो. ‘आय’ २०१ वर आणि ‘जे’ एकदम २०९ वर! ‘आर’ २१७, ‘एस’ २२६. मध्ये अशी भगदाडं का? कारण ही वर्णमाला पंच कार्डावरून आली आहे. कार्डावर एक अक्षर म्हणजे दोन छिद्रं: एक वरच्या तीन ओळींपैकी एकीत, दुसरं १ ते ९ पैकी एका ओळीत. म्हणून नऊ अक्षरांचा एक गट, मग पुन्हा नऊ, मग उरलेली आठ. कार्डं गेली, पण त्यांची ठेवण प्रत्येक बाइटमध्ये शाबूत आहे.

खरी नवलाई मात्र रकमेत आहे. कोबॉलमध्ये कॉम्प-३ नावाची रीत आहे: बाइटचे दोन अर्धे करायचे, प्रत्येक अर्ध्यात एक अंक ठेवायचा आणि अगदी शेवटच्या अर्ध्यात चिन्ह. सोळाच्या पद्धतीतला ‘सी’ म्हणजे अधिक, ‘डी’ म्हणजे उणे. मग १२,४०५ रुपये तीन बाइटांत मावतात: १२, ४०, ५सी.

आता समजा, कोणी सगळी फाइल सरसकट एब्सिडिकमधून आस्कीत बदलली. १२ तसाच राहतो. पण एब्सिडिकमध्ये सोळाच्या पद्धतीतलं ४० म्हणजे कोरी जागा, तिचं आस्कीत २० होतं. ५सी म्हणजे तारांकन, त्याचं २ए. हाती येतं १२, २०, २ए. आयबीएमचा नियम पाळणारी यंत्रणा ‘ए’लासुद्धा अधिकच समजते. म्हणजे रक्कम झाली १२,२०२. कुठे चूक दाखवली जात नाही, काम अडत नाही. २०३ रुपये गुपचूप नाहीसे होतात.

म्हणून या कामात सगळी भिस्त कॉपीबुकवर असते. रेकॉर्डमधला कुठला बाइट कशासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं. पहिले वीस ग्राहकाचं नाव, ते बदला. पुढचे तीन शिल्लक, ते तक्त्यातून न्यायचे नाहीत. उलगडून आधी संख्या काढायची. आणि कॉपीबुकच हरवलं असेल, तर माणसं फाइलचे बाइट सोळाच्या पद्धतीत ओळीखाली ओळ मांडून बसतात. प्रत्येक रेकॉर्डमध्ये त्याच जागी बाइटच्या शेवटी ‘सी’ किंवा ‘डी’ दिसू लागला, की तिथे पेन्सिलीने खूण करायची: इथे एक रक्कम संपते.