साखरपुड्याच्या तोंडावर मुरुमं आली तर

फोडू नका. फुगवटा एकवेळ झाकता येतो, ओली जखम नाही. तिच्यावर फाउंडेशन टिकतच नाही, तासाभरात कडेने सुटतं. लाल डागावर हिरव्या करेक्टरचा तांदळाएवढा ठिपका द्या (हिरवा रंग लाली मारतो), बोटाने हलके थापटा, मग त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. घासलंत की सगळं निघालं. डब्यावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’ लिहिलेलं असलं तर रंध्रं बुजण्याची शक्यता कमी. नवं फेशियल मात्र त्या आठवड्यात नकोच.

मुरुमांवर लावायचं औषध, बेन्झॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्क्यांचंही पुरतं, पण गुण दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. ते कापडाचा रंग उडवतं. उशीला पांढरा अभ्रा घाला, पैठणी लांब ठेवा.

खरा धोका मैत्रिणीने दिलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबचा. तीत स्टेरॉइड असेल तर चेहरा काही दिवस नितळ दिसतो, मग मुरुमं दुपटीने उसळतात. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

आणि घरच्यांनो, त्या दिवशी मुलीच्या हनुवटीकडे बोट दाखवून ‘हे काय झालं गं?’ एवढं तेवढं विचारू नका.