आधी सांगाडा, मग सुटे भाग

पावसाळा सरला की पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर शॅकची उभारणी सुरू होते, आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी ते उतरवून ठेवावे लागतात. दरवर्षी जोडावयाची व दरवर्षी सुटी करावयाची ही वास्तू म्हणजे जुळणीच्या शास्त्राचा वस्तुपाठच होय. लाकूड, प्लायवूड, बोल्ट यांचा पुरवठा करणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंस या शास्त्राचा परिचय असणे हिताचे आहे. कारण मापातील चूक अखेर परत आलेल्या मालाच्या रूपाने दुकानाच्याच दारी येते.

संगणकावर अशा जुळणीचे आरेखन करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रत्येक सुटा भाग स्वतंत्रपणे रेखाटून मागाहून ते भाग एकमेकांस जोडतात. दुसरीत, जिला टॉप-डाऊन म्हणतात, प्रथम संपूर्ण वस्तूचा सांगाडा, म्हणजे मुख्य मापे व रेषा, निश्चित करतात आणि प्रत्येक भाग आपले माप त्या सांगाड्याकडून घेतो. मूळ बदलले की त्यावर अवलंबून असलेले सारे बदलावे, ही कल्पना नवी नव्हे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी सिद्ध केलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये मूळ आकृतीत फेरफार करताच तिच्या सर्व प्रतिकृतींत तो उमटत असे.

समजा, शॅकची दर्शनी लांबी १२.२० मीटर ठरली. प्लायवूडची प्रचलित शीट २.४४ मीटर लांब व १.२२ मीटर रुंद असते. अशा आडव्या दोन शीट एकीवर एक, बाहेरून खांबांवर ठोकल्या, तर पाच गाळे बरोबर भरतात. आता ऐन वेळी जागा ११ मीटरच मिळाली! सुट्या भागांपासून आरंभ केलेल्यास प्रत्येक तुळई, शीट व बोल्टचे भोक पुन्हा रेखाटावे लागते, आणि त्यात एखादे हमखास राहून जाते. सांगाड्यापासून आरंभ केलेला मनुष्य एकच आकडा बदलतो. पाचही गाळे तत्काळ २.२० मीटरचे होतात.

येथवर पद्धतीचा विजय झाला. परंतु व्यापाऱ्याची नजर येथे थांबता कामा नये. या हिशेबाने प्रत्येक शीटची २४ सेंटिमीटर पट्टी वाया जाते. त्याऐवजी चार गाळे २.४४ मीटरचे व पाचवा, उभ्या शीटचा, १.२२ मीटरचा योजल्यास लांबी १०.९८ मीटर होते आणि करवत लावावीच लागत नाही. तात्पर्य, सांगाडा वरून खाली उतरावा. मात्र बाजारातून जसाच्या तसा येणारा माल अचल मानून सांगाड्याने त्याचा मान राखावा.

याच गोव्यात, दिवाडी बेटावर, याचे भव्य उदाहरण घडले. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज तेथे बांधण्यात आले. प्राचीन जहाजाचा आराखडा उपलब्ध नव्हता. म्हणून चित्रावरून प्रथम समग्र आकार ठरविला गेला व त्याच्या प्रतिकृतीची जलचाचणी मद्रासच्या आयआयटीच्या सहकार्याने झाली. फळ्या काथ्याच्या दोराने शिवण्यात आल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. समग्राचे चित्र नसते, तर फळी कोणत्या वळणाची हवी हे कोण सांगणार?

तथापि ही रीती सर्वत्र स्वीकारावी असे नाही. चार ठरीव भागांच्या साध्या मेजासाठी सांगाड्याचा खटाटोप व्यर्थ होय. जेथे भाग परस्परावलंबी आहेत आणि मुख्य मापे बदलण्याचा संभव आहे, तेथेच ती फलदायी ठरते. तेथेही दोन पथ्ये पाळावीत. प्रत्येक भागाने माप सांगाड्याकडूनच घ्यावे, शेजारच्या भागाकडून घेऊ नये. अन्यथा एक भाग काढताच सारी साखळी तुटते. आणि सांगाडा बदलण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीच्या हाती असावा. पेढीची मुख्य खतावणी आपण दहा जणांच्या हाती देतो काय?

यापुढे आरेखन करणारा आपणांकडे मालाची यादी घेऊन येईल, तेव्हा ‘दर काय लावू?’ या प्रश्नापूर्वी ‘यातील कोणते माप बदलू शकेल?’ हे अवश्य विचारावे. त्या एका प्रश्नाने गिऱ्हाईकाचे पैसे आणि आपली पत, दोन्ही वाचतील.