न्याहाळक-सुसंगती चाचणी

एकच संकेतस्थळ निरनिराळ्या न्याहाळकांत, म्हणजे ब्राउझरांत, सारखे दिसते की नाही आणि त्यावरील दुवे, अर्ज, शोधपेट्या इ. घटक सारखेच कार्य करतात की नाही, हे पडताळण्याची पद्धती. संकेतस्थळाचे पान तयार चित्राच्या रूपात वाचकाकडे येत नाही; येतो तो मजकूर आणि मांडणीविषयीच्या सूचना. त्यांचा अर्थ लावून पान प्रत्यक्ष रेखाटण्याचे काम वाचकाच्या यंत्रातील न्याहाळकाचे चित्रण-एंजिन करते. छापील पुस्तकाच्या साऱ्या प्रती एकाच जुळणीवरून निघतात. येथे मात्र प्रत्येक वाचकाकडे जुळणी नव्याने होते. जुळारी बदलला की पानही थोडेफार बदलते.

टिम बर्नर्झ-ली यांनी १९९० मध्ये पहिला न्याहाळक तयार केला. त्यानंतर मोझेइक (१९९३), नेटस्केप नॅव्हिगेटर (१९९४) व इंटरनेट एक्सप्लोअरर (१९९५) हे न्याहाळक आले. शेवटच्या दोहोंतील स्पर्धेमुळे सूचनांचे अर्थ भिन्न होत गेले. एक्सप्लोअररच्या पाचव्या आवृत्तीत चौकटीच्या सांगितलेल्या रुंदीतच आतील मोकळी जागा धरली जाई; प्रमाणकानुसार ती निराळी मोजावयाची असते. म्हणून २०० बिंदू रुंदीची व दोन्ही बाजूंस २० बिंदू मोकळी जागा असलेली चौकट एकीकडे २०० बिंदूंची, तर दुसरीकडे २४० बिंदूंची होई आणि शेजारचा स्तंभ खाली घसरे. न्याहाळकांनी प्रमाणके पाळावीत यासाठी १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट हा गट स्थापन झाला. त्याच्या ‘ॲसिड-२’ (२००५) या कसोटीत न्याहाळक निर्दोष असेल तर पडद्यावर हसरा चेहरा उमटे.

देवनागरीतील प्रश्न : मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत हा विषय केवळ मांडणीचा राहत नाही, तो वाचनीयतेचा होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक भारतीय वृत्तपत्रांनी आपापल्या संकेतपद्धतीचे टंक वापरून महाजालावर आवृत्त्या काढल्या. पानाबरोबर टंकही पाठवावयाचा तर नेटस्केपसाठी एका प्रकारची व एक्सप्लोअररसाठी दुसऱ्या प्रकारची फाइल ठेवावी लागे. ती उतरली नाही तर वाचकापुढे रोमन अक्षरांची निरर्थक रांग येई. युनिकोड या सर्वसामान्य संकेतपद्धतीत १९९१ पासून देवनागरीचा समावेश होता. परंतु तीत केवळ मूळ वर्णांची साठवण होते. जोडाक्षर बांधणे, रफार पुढील अक्षरावर चढविणे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, ही कामे न्याहाळक, टंक व परिचालन प्रणाली मिळून करतात. तेथे उणीव असेल तर मजकूर बिनचूक असूनही दिसताना अशुद्ध दिसतो. ॲन्ड्रॉइडच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत ही उणीव ठळक होती [⟶ देवनागरी लिपी].

चाचणीसाठी कोणते शब्द घ्यावेत यास म्हणूनच महत्त्व आहे. ‘नागपूर’ या नावात जोडाक्षर नाही, रफार नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. सदोष न्याहाळकातही ते नीट उमटते. जिल्ह्यातील चौदा तालुक्यांपैकी काटोल, सावनेर, रामटेक, मौदा, उमरेड ही नावेही तशीच निरुपद्रवी आहेत. दोष उघडकीस येतो तो हिंगणा, भिवापूर, पारशिवनी व कळमेश्वर या नावांत, आणि ‘विदर्भ’ या शब्दात तर वेलांटी व रफार या दोहोंची परीक्षा होते. केवळ आपल्या शहराचे नाव पाहून पान योग्य ठरविणारा परीक्षक सहज फसू शकतो.

‘वऱ्हाड’ हा शब्द याहून कठीण होय. त्यातील अर्ध्या र चे आडवे रूप युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते : नुक्ताधारी र ला हलन्त करून, अथवा साध्या हलन्त र पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. ते जोडचिन्ह गळाले की ‘वर्हाड’ दिसते. दोन्ही रीती डोळ्यांना एकच वाटतात. परंतु साध्या तुलनेत यंत्राला ते दोन भिन्न शब्द असतात. त्यामुळे एका रीतीने नोंदलेले आडनाव वा गावाचे नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येऊ शकते. जमिनीचा उतारा किंवा निवडणूक-यादी शोधणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने हा दोष स्तंभ घसरण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. मात्र तो नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही, शोधपेटीत दोन्ही रूपे टंकूनच पाहावी लागतात. ‘ॲ’ ची स्थितीही अशीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तत्पूर्वीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन काम भागविलेले आढळते. ल व श यांची मराठी वळणाची रूपे हवी असल्यास पानावर मराठी भाषेचा निर्देश असावा लागतो आणि टंकातही ती रूपे असावी लागतात.

पद्धती : पूर्वी परीक्षक अनेक यंत्रे समोर ठेवून प्रत्येक पान उघडीत असे. २००४ मध्ये जेसन हगिन्झ यांनी सिलेनियम हे साधन तयार केले. त्याच्या योगे न्याहाळकाला आज्ञावलीने चालविता येते. २०११ मध्ये मुंबईत रितेश अरोरा व नकुल अगरवाल यांनी ब्राउझरस्टॅक ही कंपनी स्थापन केली. दूरच्या केंद्रातील खरे दूरध्वनी व संगणक महाजालावरून भाड्याने देणे हा तिचा व्यवसाय असून नागपुरात बसलेल्या परीक्षकालाही त्यामुळे स्वतःजवळ नसलेल्या यंत्रावर पान पाहता येते. तथापि यंत्राने मिळविलेली दोन चित्रांची तुलना वेलांटी चुकल्याचे दाखवीलच असे नाही. मूळ चित्रच चुकीचे असेल तर चूक प्रमाण ठरते. येथे मराठी वाचणारा माणूस अपरिहार्य आहे.

भारत सरकारच्या संकेतस्थळांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत (२००९) अनेक न्याहाळकांवर चाचणी घेण्याची व प्रादेशिक भाषांतील टंक त्यांवर तपासण्याची अपेक्षा नमूद आहे.

आज प्रमुख एंजिने तीनच आहेत : क्रोम व एज यांतील ब्लिंक, सफारीतील वेबकिट आणि फायरफॉक्समधील गेको. भारतात आयफोनवर न्याहाळकाचे नाव काहीही असले तरी आत वेबकिटच असते. इंटरनेट एक्सप्लोअररच्या अखेरच्या, अकराव्या आवृत्तीला विंडोज १० वरील बहुतेक संगणकांसाठी मिळणारा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. परंतु केवळ त्याच्यासाठी रचलेल्या जुन्या कार्यालयीन प्रणाली एजमधील विशेष अवस्थेत चालविता येतात व त्यांची चाचणी वेगळी घ्यावी लागते.